परदेशातून : दाजी, गोष्ट पुरी सांगा

आमच्या घरच्या ग्रुपवर राज्यपालांवरून भांडण पेटलं ते २० नोव्हेंबर २०२५ ला, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं मत आलं तेव्हापासून. विधेयकावर सही करायला राज्यपालांना मुदत घालून देता येणार नाही, मुदत उलटली म्हणून सही झाली असं धरताही येणार नाही, मात्र विधेयक बेमुदत दाबूनही ठेवता येणार नाही, असं ते मत. माझे दाजी सांगलीत वकिली करतात. त्यांना मनापासून आनंद झाला. ‘राज्यपाल म्हणजे रबरी शिक्का नव्हे, त्याला स्वतःचं मन असतं,’ असं त्यांनी लिहिलं, आणि खाली खास माझ्यासाठी : ‘तुमच्या बेल्जियमच्या राजानेसुद्धा सही नाकारली होती. त्याला कुणी काढलं का?’

काढलं होतं, दाजी. दीड दिवस.

मी बेल्जियममधल्या ल्युव्हेनला राहते त्याला आता सोळा वर्षं होतील. १९९० च्या त्या एप्रिलबद्दल इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलंय की अर्धीच गोष्ट कुणी पुढे केली की माझं डोकं फिरतं.

इथे १८६७ च्या दंडसंहितेप्रमाणे गर्भपात हा गुन्हा होता. ज्यांना जमे त्या बायका सीमा ओलांडून हॉलंडला जाऊन यायच्या. १९७३ मध्ये नामूरच्या विली पीर्स या डॉक्टरांना अटक झाली आणि लोक रस्त्यावर उतरले, तरी कायदा बदलायला आणखी सतरा वर्षं गेली. (आपल्याकडे हा कायदा १९७१ मध्येच झाला. इथल्या मैत्रिणींना मी हे वर्ष आवर्जून सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ होते.) अखेर लालमाँ आणि हेर्मान-मिखिएल्सेन्स या दोन सेनेटरांचं विधेयक सेनेटने मंजूर केलं आणि २९ मार्च १९९० ला खालच्या सभागृहानेही केलं. दुसऱ्याच दिवशी राजा बोदुआँने पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स यांना पत्र लिहिलं. माझी सदसद्विवेकबुद्धी मला सही करू देत नाही. हे स्वातंत्र्य सगळ्या नागरिकांना आहे, मग एकट्या राजालाच का नसावं, असा त्याचा सवाल होता. राजा श्रद्धाळू कॅथलिक. राणी फाबिओलाला अनेकदा दिवस राहिले, पण एकही मूल हाती लागलं नाही. त्या पत्रात मला कुठेही ढोंग दिसत नाही. मी बाई आहे आणि तो कायदा व्हायलाच हवा होता असं मानते, तरीही.

दाजी इथेच थांबतात. पत्र मात्र पुढे जातं. संसदेचं काम मला अडवायचं नाही, माझं मन राखूनही लोकशाही नीट चालेल असा कायदेशीर मार्ग सरकारने आणि संसदेने शोधावा, असं राजाने त्यातच लिहिलं होतं.

आणि मार्टेन्स! माझ्या लेखी या गोष्टीतला मोठा माणूस तोच. तो स्वतः ख्रिश्चन डेमोक्रॅट. त्याचा पक्ष या विधेयकाच्या विरोधात होता. बहुमत जमलं होतं ते सरकारातल्या समाजवाद्यांचं आणि विरोधी बाकांवरच्या उदारमतवाद्यांचं. राजाचं पत्र पुढे करून हा पंतप्रधान हात वर करू शकला असता, विधेयक तिथेच अडकलं असतं आणि त्याच्याच पक्षातल्या कित्येकांना बरं वाटलं असतं. त्याने ते केलं नाही. त्याने राज्यघटनेचं कलम ८२ काढलं : राजा राज्य करण्यास असमर्थ असेल तर मंत्रिमंडळाने तसं नमूद करून संसद बोलवावी. हे कलम आजारपणासाठी, कैदेसाठी. याआधी ते वापरलं होतं १९४० मध्ये, बोदुआँचा बाप लिओपोल्ड जर्मनांच्या हाती सापडला तेव्हा. ३ एप्रिलला मंत्रिमंडळाने राजाला असमर्थ ठरवलं आणि कायद्यावर सगळ्या मंत्र्यांनी मिळून सह्या केल्या, ज्यांना तो कायदा पटत नव्हता त्यांनीसुद्धा. ५ एप्रिलला दोन्ही सभागृहं एकत्र बसली आणि राजाला त्याचे अधिकार परत मिळाले : बाजूने २४५, विरोधात शून्य, तटस्थ ९३.

दाजी वकील आहेत, ते म्हणतील की ही पळवाट झाली. राजा ना आजारी होता ना कैदेत. इथल्या घटनातज्ज्ञांनीही तेव्हा हेच म्हटलं. कलम ताणलं गेलं, मला कबूल आहे. पण किंमत कुणी मोजली ते बघा. राजाचं मन राजापाशी राहिलं, त्यासाठी त्याने खुर्ची सोडली, आणि कायदा आठवडाभरसुद्धा अडला नाही. आपल्याकडे ज्याचं मन, त्याला काहीच सोडावं लागत नाही. फाइल तेवढी पडून राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी १२ नावं राजभवनावर पाठवली होती. २०२२ मध्ये सरकार गेलं तोवर त्यावर हो नाही आणि नाहीही नाही. तेव्हा दाजी, तुम्हीच तावातावाने लिहीत होतात, की हा घटनेचा अपमान आहे म्हणून.

आणि उदाहरणासाठी ब्रसेल्सपर्यंत यायचीही गरज नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांना हिंदू कोड बिल पटत नव्हतं. या विधेयकावर मी माझ्या बुद्धीने निर्णय घेईन, असं त्यांनी नेहरूंना कळवलं. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा सल्ला घेतला. दोघांचंही उत्तर एकच : राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेले आहेत. बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे होऊन कायदे झाले तेव्हा सही राजेंद्रबाबूंनीच केली. हे आपलं आहे, आपल्या घरातलं, आणि तुम्ही मला बोदुआँ दाखवता.

यावर दाजींचं उत्तर तयार होतं : ‘२०१०-११ मध्ये ५४१ दिवस तुमच्याकडे सरकारच नव्हतं, ते आम्हाला शिकवू नका.’ खरं आहे. कचरा वेळेवर उचलला जात होता, पगार होत होते, असं मी लिहिलं. लिहून झाल्यावर वाटलं, हे लिहायला नको होतं.

कारण मला लागलं ते ५४१ नव्हे. लागलं ते ‘तुमच्या’. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी मी कुणाशी बोलले नव्हते. संध्याकाळी नेहमीसारखा भात लावला आणि आईला फोनवर सगळं सुरळीत झालं एवढंच सांगितलं. इथे संसदेच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे. ९ जून २०२४ ला मतदानाचं पत्र घेऊन शाळेतल्या केंद्रावर गेले, रांगेत उभी राहिले, मत देऊन आले. निकाल काय लागला ते दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं. त्याच्या पाचच दिवस आधी, ४ जूनला, ऑफिसात टेबलाखाली फोन धरून सांगलीची फेरी न् फेरी बघत होते, जिथे माझं मत आता नाही.

त्या आठवड्यात शेजारच्या आजी भेटल्या. ८० च्या पुढच्या आहेत. १९९० मध्ये त्यांनी चर्चमध्ये राजासाठी मेणबत्ती लावली होती, आणि तरीही मार्टेन्सने बरोबरच केलं असं त्या आजही म्हणतात. कचऱ्याच्या निळ्या पिशव्या बाहेर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, ‘मग, तुमच्याकडे कोण आलं निवडून?’

मी सांगायला लागले, सांगलीत अपक्ष निवडून आला म्हणून.