‘खिडक्या उघडा, पत्र्यावर दगड ठेवा’: वादळाच्या त्या मेसेजला उत्तर

मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की कोकणातल्या वाडीवाडीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘वादळ येताना दारे-खिडक्या सताड उघडी ठेवा, वारा आरपार जाईल आणि छप्पर वाचेल. पत्र्यावर चिरे किंवा वाळूची पोती ठेवा. निसर्ग वादळाने कौलांचा निकाल लावला आहे, आता पत्राच टाका आणि जाड घ्या. छप्पर उडाले तर वेळ न घालवता वर चढून ताडपत्री टाका.’ खाली हात जोडलेले चिन्ह आणि ‘जनहितार्थ’. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण यातला एक सल्ला छप्पर उडवायलाच मदत करतो, आणि एकाने माणूस जाऊ शकतो.

आधी खिडक्यांचे बघू. वादळात बाहेरचा हवेचा दाब उतरतो, आतला तसाच राहतो आणि घर ‘फुटते’, अशी ही समजूत. दाब उतरतो हे खरे, पण तो काही तासांत उतरतो. आणि आपल्या घरात हवा कुठून येत-जात नाही? कौलांच्या फटी, दाराखालची जागा, भिंत आणि वासे यांच्यामधली पोकळी. तो फरक आपोआप मिटत राहतो. छपराचा जीव घेणारा दाब वेगळाच. वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी उघडी असली की वारा आत घुसतो आणि छपराला खालून रेटतो. त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा त्याला वर ओढत असतो. दोन्ही जोर एकाच दिशेने.

वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात याचा हिशेबच दिलेला आहे: भिंतीतली मोकळी जागा पाच टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणक ०.२ धरायचा, वीस टक्क्यांच्या वर गेली की ०.७. साडेतीन पट! ‘मग वाऱ्याच्या उलट बाजूच्याच तेवढ्या उघडा’ अशी सुधारित आवृत्तीही मध्यंतरी फिरत होती. पण वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधोमधचा शांत भाग, गावावरून गेला की वारा पलटतो, जवळजवळ उलट दिशेने येतो, आणि तुमची ती सुरक्षित खिडकी आता त्याच्या तोंडावर असते. तेव्हा दारे-खिडक्या बंद, कड्या-अडसर घट्ट, मोठ्या काचेवर बाहेरून प्लायवूड ठोकलेले.

आता दगड. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढले, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. मानकातले सूत्र लावा, वेगाचा वर्ग गुणिले ०.६, आणि न्यूटनमध्ये येणाऱ्या उत्तराला ९.८ ने भागा, की चौरस मीटरला साधारण ६८ किलो वजनाइतका जोर निघतो. कडांना आणि कोपऱ्यांना याहून बराच जास्त. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. साठ चौरस मीटरचे छप्पर धरले तर वर उचलणारा जोर चार टनांच्या घरात गेला. तेवढी पोती वर चढवलीत तर वादळाची वाट बघायला नको, वासे आधीच बसतील.

मग वर्षानुवर्षे दगड ठेवणारे सगळे खुळे होते का? अजिबात नाही. नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात, ताशी पन्नासच्या आसपास, हाच जोर चौरस मीटरला फक्त १२ किलो असतो, आणि तिथे कडेचा दगड खरेच पत्रा धरून ठेवतो. घोटाळा असा की वेग पन्नासचा एकशेवीस झाला तर जोर पावणेसहा पट होतो. दगडावरचा भरवसा मिरगाच्या वाऱ्यात कमावलेला आहे, चक्रीवादळात नाही. आणि पत्रा फडफडू लागला की तो दगड घरंगळत कुठे जातो? अंगणात नाही तर माजघरात.

कौल की पत्रा, यावर लोक तावातावाने भांडतात. निसर्गनंतर श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागात कौले फुटली, तसे पत्रेही उडाले. कित्येक घरांवर माड आणि पोफळी आडव्या झाल्या. त्यापुढे कौल काय आणि पत्रा काय. मंगलोरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला चाळीस किलोच्या पुढे भरते आणि फटींमुळे थोडा दाब सोडतेही. पण कौल बसलेले असते ते नुसत्या वजनावर. वळचणीची ओळ आधी उचलली जाते, मग वारा आत शिरतो आणि पुढची कौले एकेक करून निघतात. हातात एक मंगलोरी कौल घेऊन उलटे करून बघा. बहुतेकांच्या पोटाला एक कान असतो, त्याला बारीक भोक असते. ते तारेने रिपेला, म्हणजे कौलाखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, बांधण्यासाठीच आहे. आपल्याकडे ते भोक कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेले सापडते. वळचणीच्या दोन ओळी, बाजूच्या कडा आणि आढ्यावरचे कोणे (टोकाची कौले) एवढे जरी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, तारेने बांधले तरी फरक पडतो.

‘जाड पत्रा घ्या’ याला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनने केव्हाच दिले आहे. १९७४ च्या नाताळच्या पहाटे तिथे ट्रेसी वादळ आले. वेगमापक बंद पडण्याआधी त्याने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला. नंतर तपासणीत दिसले की बऱ्याच ठिकाणी पत्रा गेला होता आणि स्क्रू जागच्या जागी उभे होते. प्रत्येक झोताबरोबर पत्रा वर ओढला जाई, सैल पडे, पुन्हा ओढला जाई. असे तासन्‌तास झाल्यावर तो स्क्रूभोवती चिरत गेला आणि भोकातून निसटला. त्यातून पुढे रुंद वॉशर आले, पुनःपुन्हा भार देऊन पत्रे तपासायची पद्धत आली. म्हणून दुकानात गेज (पत्र्याची जाडी) विचारताना वॉशरचा व्यासही विचारा. जे-हुक (इंग्रजी ‘जे’च्या आकाराचा बोल्ट) असेल तर नट पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रुंद वॉशर. मधल्या छपराला एकाआड एक उंचवटा चालतो. वळचण, आढे आणि दोन्ही कडांना प्रत्येक उंचवट्यावर हवा. गवंडी ‘एवढे कशाला?’ म्हणेलच.

पत्रा नीट पकडला म्हणजे भागले, असेही नाही. मग तो रिपांसकट जातो. रिपा वाशाला नीट बांधल्या तर वाशांसकट. वासा बऱ्याच घरांत चिऱ्याच्या भिंतीवर टेकवून एका खिळ्यावर सोडलेला असतो. तिथे वाशावरून वळसा घालून दोन्ही बाजूंनी भिंतीतल्या बोल्टला किंवा काँक्रीटच्या पट्ट्याला जाणारी जीआय पट्टी हवी. छपराचा आकारही बघा: चौपाखी छप्पर दुपाख्यापेक्षा वाऱ्याला बरे तोंड देते. वळचण दीड फुटाच्या पुढे नेऊ नये असे सांगतात, पण आमच्या पावसाला दीड फूट काय पुरते? भिंती भिजतात. त्यावर मार्ग पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवण्याचा. गेले तर तेवढेच जाते, घराला घेऊन जात नाही.

‘लगेच वर चढा’ हा मेसेजमधला सगळ्यात धोकादायक सल्ला. वारा अचानक पडला की तो डोळा असू शकतो, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने तडाखा येतो. वादळ खरोखर गेले याची खात्री झाल्यावरही आधी मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करा, लोंबणाऱ्या तारांपासून लांब राहा. सिमेंटचा ओला पत्रा पायाखाली न सांगता फुटतो. त्यावर पाय नाही, बोल्टच्या ओळीवर, म्हणजे रिपांच्या रेषेत, टाकलेल्या फळीवर पाय. तोवर आतून वाशांना प्लास्टिक बांधून पाणी एका बाजूला काढता येते. आणि काहीही झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा निळ्या ताडपत्रीखाली काय झाले ते त्याला दिसणार नाही.

ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर तीन-चार फूट उतरलेली हवी, नाहीतर पाणी वरूनच शिरते. कडेला थेट खिळा मारलात तर वारा त्या भोकापासून ती फाडत नेईल, ट्रेसीतल्या पत्र्याचीच गत. कड एका रिपेला दोन वेढे गुंडाळा आणि ती रीप वाशाला ठोका.

मोसमाआधी हातात पैसे थोडेच असतील, तर गवंड्याला एका दिवसासाठी बोलवा आणि कोपऱ्यातल्या वाशांच्या पट्ट्या, वळचणीच्या दोन ओळी, कडांचे जे-हुक एवढेच करून घ्या. मधले छप्पर दिवाळीनंतर.