‘रूट कॅनॉलमुळे कर्करोग होतो’: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार येतो. त्यात म्हटलेले असते की, रूट कॅनॉल केलेला दात हा मेलेला अवयव असून त्यात अडकलेले जंतू शरीरभर विष सोडतात. कर्करोगाच्या ९७ टक्के रुग्णांनी हा उपचार घेतलेला असतो. म्हणून दाढ दुखल्यास गोळ्यांचा कोर्स घ्यावा आणि तेवढ्याने भागले नाही तर दाढ काढून टाकावी. हे वाचून ठरलेला उपचार टाळणारी माणसे आहेत, म्हणून यातील एकेक विधान तपासले पाहिजे.

आधी ‘मेलेल्या अवयवा’बद्दल. दाताच्या कठीण आवरणाखाली रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. बोलताना आपण त्यालाच नस म्हणतो. कीड खोल गेली की जंतू तिथपर्यंत पोचतात, गाभा सुजतो आणि चहूबाजूंनी टणक भिंती असल्याने सुजेला जागा न मिळून अखेर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे गाभा मारते ती कीड. दंतवैद्य तो सडलेला गाभा बाहेर काढतात, यालाच रूट कॅनॉल म्हणतात. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळे आणि त्यांत गाभ्याच्या बहुधा तीन, कधी चार बारीक नलिका असतात. लाळ आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, टोकाशी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीच्या फाइलींनी सुरुवात करून प्रत्येक नलिका मुळाच्या टोकापर्यंत साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने ती पुन्हा पुन्हा धुतात आणि झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाने भरून बंद करतात. एकूण एक जंतू मरतो, असे कोणताही प्रामाणिक दंतवैद्य म्हणणार नाही. पण उरलेल्या जंतूंचे अन्न तुटते, बाहेर पडण्याची वाट बुजते, आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर दिसणारे, संसर्गाने विरलेले हाड बहुतेक रुग्णांत पुढील काही महिन्यांत हळूहळू भरून येऊ लागते. शरीरात विष पसरत असते तर नेमके त्याच जागी हाड भरून आले नसते.

विषाची ही कल्पना जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियलमधील व्याख्यानात अनेक आजारांचे मूळ तोंडातील संसर्गात असल्याचे मांडले आणि १९२० च्या दशकात अमेरिकी दंतवैद्य वेस्टन प्राइस यांनी सशांवरील प्रयोगांच्या आधारे रूट कॅनॉलवर थेट ठपका ठेवला. परिणामी असंख्य लोकांचे दात उपटले गेले. १९३८ साली अमेरिकेतील संधिवाताच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा दात काढलेल्या ५२ पैकी ४७ जणांना काहीही फायदा झाला नसल्याचे दिसले. संदेश आज जो सल्ला देतो, तो असा पूर्वीच करून पाहिलेला आहे.

९७ टक्क्यांचा आकडा कोणत्या रुग्णालयातील, किती रुग्णांचा, हे संदेशात कुठेच नसते. तो खरा धरला तरी त्याच वयाच्या निरोगी लोकांपैकी किती जणांनी रूट कॅनॉल केले होते, हे कळल्याशिवाय त्यातून काहीही सिद्ध होत नाही, कारण उतारवयात कर्करोगही वाढतो आणि उपचार झालेले दातही. मला या संदेशातील सर्वांत घातक गोष्ट वाटते ती वेगळीच आहे. महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे ठळक कारण तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मिशरी हे आहे, आणि दाढ दुखते म्हणून मिशरी लावायला सुरुवात करून पुढे ती सुटेनाशी झालेल्या बायका खेडोपाडी आढळतात. कर्करोगाचे नाव घेऊन दुखऱ्या दाढेवरील उपचाराची भीती घालायची आणि मिशरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे अक्षम्य आहे.

गोळ्यांबद्दल: मेलेल्या गाभ्यात रक्तच पोचत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकही पोचत नाही. ठणका आपोआप थांबला तरी दाढ बरी झाली असे समजू नये. अनेकदा नस पूर्ण मेल्यामुळेच तो थांबलेला असतो. थंड पाण्याची कळ क्षणात जात असेल, तर बहुधा साध्या फिलिंगवर भागते. कळ बराच वेळ टिकणे, गरम चहाने ठणका उठणे, रात्री झोपेतून जाग येणे, दातावर ठोकल्यास दुखणे किंवा हिरडीवर पुन्हा पुन्हा पुवाची पुळी येणे, ही मात्र रूट कॅनॉलची गरज सुचवणारी लक्षणे आहेत. नेमका निर्णय तपासणी आणि एक्स-रेनंतरच होतो.

दाढ काढणे कधीच योग्य नसते असे नाही. मूळ उभे चिरले असेल, कॅप बसवण्याइतका दात उरला नसेल किंवा हाड झिजून तो हलत असेल, तर काढणेच बरे. परंतु वाचू शकणारी दाढ काढली की शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, आणि नंतरचा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) स्वस्त नसतो. खर्चाची अडचण खरी आहे. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांनी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. उपचारानंतर दाढेवर कॅप बसवणे लांबवू नये, कारण कॅप नसलेली दाढ चावताना फुटू शकते. आणि गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.