घाम आणि थरथर म्हणजे चरबी जळणं नव्हे

‘21 दिवसांत 10 किलो वजन घटवा, जिम नको, डाएटिशियन नको’ हा मेसेज सध्या एकूण एक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. माझ्या आत्याने तो नुसता वाचला नाही, पाळायलाही घेतला. तिला मधुमेह आहे. म्हणून हे लिहितोय.

मेसेज असा: सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, मग दुपारी एकपर्यंत काही खायचं नाही. भात, भाकरी, पोळी कायमची बंद. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पोटाचे व्यायाम, बाकी कसल्याच व्यायामाची गरज नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘घाम फुटला, हात थरथरले, चक्कर आली तर घाबरू नका. चरबी जळतेय.’

या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण तिने जीव जाऊ शकतो. दरदरून घाम, थरथर, धडधड, चक्कर ही रक्तातली साखर घसरल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी स्वादुपिंडाला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, हे गोळीला कळत नाही. आत्या सकाळी गोळी घ्यायची आणि एकपर्यंत उपाशी राहायची. हात थरथरायला लागले तेव्हा ती घाबरली तर नाहीच, उलट उपाय लागू पडतोय म्हणून खूश झाली. शेजारच्या काकूंनी ग्लुकोमीटर लावला म्हणून कळलं, साखर 70 mg/dLच्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, बरीच खाली होती. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, सावरल्यावर खायला घालायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

मधुमेहाच्याच नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असलेल्यांना हा धोका बराच कमी. पण कोणाच्या घरात कोण कुठली गोळी घेतंय, हे मेसेज ढकलणाऱ्याला ठाऊक असतं का? जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करणं हाही उपाय नाही.

आता ते 10 किलो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. दहा किलोंच्या झाल्या 77,000, म्हणजे 21 दिवस रोज साडेतीन हजारांहून जास्त तूट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने बैठं काम करणाऱ्या 55 किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरजच 1,660 कॅलरी. तिने 21 दिवस नुसत्या पाण्यावर काढले तरी गणित बसत नाही! याच संस्थेची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानतात, आणि वजन उतरवतानाही आहार दिवसाला 1,000 कॅलरींच्या खाली नेऊ नका म्हणतात.

भात-पोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, हे मान्य. पण त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या एका ग्रॅम ग्लायकोजनसोबत (ग्लायकोजन म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की तेही जातं आणि पुन्हा जेवू लागलं की परत येतं. आपल्या ताटात धान्य फार आणि डाळ-उसळ नावाला, हेही खरंच आहे. म्हणून भाकरी कायमची तोडायची? एक भाकरी कमी करा, वाटीभर मटकीची उसळ वाढवा, सोबत कोशिंबीर आणि ताक घ्या. चहातली साखर आणि चार वाजताचं फरसाण आवरा. मेसेजमध्ये फरसाणाचा उल्लेखसुद्धा नाही.

लिंबाने चरबी वितळत नाही. जठरातलं आम्ल लिंबापेक्षा तीव्र असतं, आणि पोटाचा घेर काही जठरात साठलेला नसतो. मध म्हणजे साखरच. प्लास्टिकने घाम येतो, तो पाणी प्यायलं की भरून निघतो. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण तिथलीच चरबी वेचून जळत नाही.

‘व्यायामाची गरज नाही’ हे मात्र असंच सोडता येत नाही. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि उतारवयात ते परत कमावणं फार जड जातं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं झपाझप चालणं किंवा तशाच ताकदीचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. त्याला जिमच लागते असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला रेटून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. आत्याने डॉक्टरांना विचारून हेच सुरू केलंय, तेही उपाशीपोटी नाही.

तुम्ही हा मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर आजच लिहा: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे करू नये, आणि हात थरथरले तर आधी साखर तपासावी.