दरवर्षी एमआरआय म्हणजे लूट? जोखीम जास्त असलेल्या बाईचा हिशेब वेगळा आहे

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला म्हणून दरवर्षी एमआरआय करायला लावणं ही लूट आहे. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पुरे, खरं तर महिन्यातून एकदा हाताने तपासलं तरी भागतं. आई-मावशीला नसेल तर तेही नको. आणि गाठ कधीही सापडली तरी उपचारांचा खर्च तेवढाच.

माझ्या आईला ४१व्या वर्षी हा आजार झाला. तेव्हापासून या तपासण्या आमच्या घरात आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

मॅमोग्राफी पुरे, हे सर्वसाधारण जोखीम असलेल्या बाईच्या बाबतीत बहुतेकदा खरं आहे. जोखीम जास्त असलेल्या तरुण बाईच्या बाबतीत नाही. ब्रिटनमध्ये अशा ६४९ जणींच्या दरवर्षी दोन्ही तपासण्या केल्या गेल्या आणि २००५ साली निष्कर्ष आले. एकूण ३५ कॅन्सर निघाले. मॅमोग्राफीत त्यांतले ४० टक्के दिसले, एमआरआयमध्ये ७७ टक्के, दोन्ही मिळून ९४ टक्के. तरुण वयात स्तनातला ग्रंथींचा भाग दाट असतो. मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते.

हाताने तपासण्याबद्दल शांघायमध्ये मोठी चाचणी झाली. २ लाख ६६ हजार महिला. निम्म्यांना ते नीट शिकवलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. उलट साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, वाढल्या. म्हणजे ते फुकटही नाही. स्तनात काही बदल जाणवला तर डॉक्टरांकडे जायचंच, पण तपासणीची जागा त्याने भरून निघत नाही.

‘खर्च तेवढाच’ हे तर साफ खोटं. गाठ लहान असताना सापडली तर अनेकींची केमो टळते. पसरलेल्या आजारात औषधं लागू पडतील तितका काळ घेतच राहावी लागतात.

आता लुटीबद्दल. या आरोपात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. एमआरआय मॅमोग्राफीच्या कित्येक पट महाग असतो, आणि खरा फटका पहिल्या बिलाचा नसतो. ‘काहीतरी दिसतंय’ म्हटल्यावर पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा एमआरआय, बायोप्सी, तो खर्च मोठा. मलाही तो बसला आहे. मशीनवर पालथं झोपवतात, स्तन खालच्या खोबणीत येतात, शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं औषध सोडतात. गाठीचा रक्तपुरवठा जास्त, म्हणून ती उजळते. पण पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात संप्रेरकांमुळे निरोगी भागही उजळतो. पाळी चालू असलेल्या बाईने ७व्या ते १४व्या दिवसांत वेळ घ्यावी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा पहिला एमआरआय २३व्या दिवशी झाला. संशयास्पद रिपोर्ट, सहा महिने जिवाला घोर, आणि पुन्हा तेवढेच पैसे. अपॉइंटमेंट घेताना हे विचारा, आणि जुन्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या. आधीचं चित्र समोर असलं की उगाच परत बोलावणं कमी होतं.

म्हणून सरसकट सगळ्यांना एमआरआय सांगणं मलाही मान्य नाही. आयुष्यभराची जोखीम सुमारे २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो विचार होतो. ज्यांना लहानपणी किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशन दिलं गेलं, त्याही यात येतात. आधी ही जोखीम डॉक्टरांकडून मोजून घ्यायची, मग पैसे खर्च करायचे.

आई-मावशीचा मुद्दा सर्वांत घातक वाटतो. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची जोखीम वाढवणारा बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आत्या, वडिलांची आई, चुलत बहिणी, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, हे विचारायलाच हवं. बीआरसीए१ मधला दोष असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आहे.

जनुकचाचणी शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात. नेमका दोष कळला की बाकीच्यांना फक्त तेवढाच तपासावा लागतो, आणि ते बरंच स्वस्त पडतं. आमच्याकडे आधी आईची चाचणी झाली, मग आम्हा दोघी बहिणींची. माझ्यात तो दोष निघाला. धाकटीत नाही. वडिलांकडे कुणाला हा आजार नाही, त्यामुळे तिची जोखीम आता चारचौघींइतकीच धरतात. तिला एमआरआय लागत नाही. मी पुढच्या महिन्यात जाणार आहे, नवव्या दिवशी.