एकेचाळीस मस्ट आणि स्टुलावरचे दादा

काल एका वेबसाइटच्या रिक्वायरमेंट मीटिंगला, म्हणजे साइटमध्ये काय काय हवं ते विचारून घ्यायला, गेले होते. नऊ पानी प्रश्नावली नेली होती, रात्री जागून केलेली. साहेबांनी ती घेतली आणि तिच्यावर चष्मा ठेवला. तो शेवटपर्यंत तिथेच.

"साइट साधी पाहिजे पण भरगच्च, आणि एकदम वेगळी, त्या दुसऱ्या कंपनीसारखी."

बरं. मग मी मॉस्को काढलं. म्हणजे शहर नाही, मस्ट-शुड-कुड-वोन्ट, डाय क्लेगने १९९४ मध्ये आणलेली पद्धत, कामांचे चार ढीग करायचे. एकेचाळीस मुद्दे, एकेचाळीस मस्ट. वोन्टमध्ये काय टाकू विचारलं तर म्हणे, तुमची फी टाका. हसले. मीही हसले, बिल अजून निघायचंय.

तेवढ्यात वरून आवाज. स्टुलावर चढून एसी खोलत बसलेले दादा माझ्या स्क्रीनवरच्या वायरफ्रेमकडे, म्हणजे साइटच्या कच्च्या आराखड्याकडे, बघत होते.

"ताई, फोन नंबर कुठाय यात?"

"संपर्काच्या पानावर. त्या तीन रेघा दाबायच्या."

"त्या रेघा दाबायच्या असतात हे कोणी सांगायचं?"

आता टोयोटावाल्यांची ती पाच वेळा 'का' विचारायची पद्धत मी साहेबांवर तीनदा करून बघितली होती, तिन्ही वेळा उत्तर "असंच". दादांना विचारलं, नंबर वरच का हवा? एका हातात टूलबॅग असते, अंगठा किती खाली नेणार. फोन का करावा लागतो? वॉचमन सोडत नाही. का सोडत नाही?

"कारण तुमच्या साइटवर जुना पत्ता आहे! पाऊण तास मागच्या बिल्डिंगमध्ये एसी शोधत होतो मी."

साहेब म्हणाले, अरे, ते ऑफिस तर दोन वर्षांपूर्वीच सोडलं. आणि कौतुकाने वर बघायला लागले. माझ्याकडे नाही, वर.

इथे थांबले असते दादा तर मीच पाया पडले असते. पण पुढे म्हणे, "आणि उघडल्या उघडल्या गारवा वाटला पाहिजे. फिकं निळं करा, बर्फ पडू द्या." साहेब म्हणाले, लिहून घ्या.

विन्स्टन रॉइस या सॉफ्टवेअरवाल्याने १९७० च्या पेपरात, आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग डिझाइन, मग कोड, अशी पायऱ्यापायऱ्यांची आकृती काढली आणि हे असं करणं धोक्याचं आहे असंही लिहिलं. लोकांनी आकृती उचलली, इशारा सोडला. त्या मोठ्या माणसाचं कोणी पुढचं वाचलं नाही, माझी नऊ पानं कोण वाचतंय! सही मात्र न वाचता करतात, आणि महिन्याने "एवढंसंच तर आहे" म्हणत जे निघतं ते फुकटात करायचं असतं.

आज मीटिंगचे मिनिट्स आले. मुद्दा ४२, बर्फ, मस्ट. अक्षरं वाचता यावीत म्हणून मी मागितलेला अक्षरं आणि मागचा रंग यांतला किमान ४.५:१ चा कॉन्ट्रास्ट, वोन्ट. फिक्या निळ्यावर पांढरी अक्षरं, त्यावर बर्फ. उपस्थितांत दादा 'युजर प्रतिनिधी'. माझ्यापुढे नुसतं 'इतर'.

खाली ओळ: पुढची मीटिंग एसीवाल्यांना कधी जमतंय ते बघून कळवतो, तुम्ही काय, येताच.