नॅक्सोसला जाऊन बघायचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नॅक्सोसवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की एवढा खर्च करून ग्रीसला जायचं आणि सँटोरिनी सोडून एक अर्धवट दरवाजा, एक आडवा पुतळा आणि डोंगरातली खेडी बघायची, हा सल्ला रिकामा वेळ असलेल्यांनाच परवडेल. तुमच्या हातात पाच दिवस आहेत, सोबत आईवडील आणि मुलं, सगळे शाकाहारी; आणि बेत सँटोरिनी, मिकोनोस, नॅक्सोस अशा तिन्ही बेटांचा आहे. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं म्हणणं मात्र तेच आहे: पाच दिवसांत मुक्काम एकाच बेटावर करा, आणि ते नॅक्सोस असू द्या.

आधी बोटींचं. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नॅक्सोसला साध्या मोठ्या बोटीने पाचेक तास लागतात. पुढची बेटं नकाशावर जवळ दिसतात, पण दर वेळी सकाळी खोली सोडायची, सामान घेऊन धक्क्यावर थांबायचं, नव्या बेटावर पुन्हा खोली मिळेपर्यंत दुपार. म्हणजे प्रत्येक बदलाला अर्धा दिवस गेलाच. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तो जोरात असला की बोटी उशिरा येतात, कधी रद्दही होतात, आणि वेगवान बोटींना त्याचा फटका आधी बसतो. आईवडिलांना घेऊन असा प्रवास करू नका. परतीचं विमान अथेन्सहून असेल तर आदली रात्र अथेन्सलाच काढा.

आता त्या दरवाजाबद्दल. इ.स.पू. 530च्या सुमारास लिग्डामिस या सत्ताधीशाने नॅक्सोस शहराच्या बंदराशेजारी अपोलो या ग्रीक देवाचं भव्य मंदिर बांधायला घेतलं. ते कधीच पुरं झालं नाही. पुढे शहरावर व्हेनिसच्या लोकांचा अंमल आला, 1207मध्ये मार्को सानुदोने बेट जिंकलं, आणि टेकडीवरच्या किल्ल्यासाठी मंदिराचे दगड नेले गेले. दाराची सुमारे सहा मीटर उंचीची संगमरवरी चौकट तेवढी जागेवर राहिली; तुम्ही म्हणता तो अर्धवट दरवाजा हाच. किल्ल्याच्या गल्ल्यांतून हिंडताना भिंतीत बसवलेले जुने संगमरवरी तुकडे दिसतात. एकच दगड दोन काळांत कुठे कुठे गेला, हे मुलांना बोट दाखवून सांगता येतं. सूर्यास्त हवा असेल तर तो याच चौकटीतून बघा. बंदरापासून चालत जाता येतं आणि तिकीट लागत नाही.

संगमरवर हा या बेटाचा जीव आहे. डेलोस या अपोलोच्या पवित्र बेटावरचे प्रसिद्ध दगडी सिंह नॅक्सोसच्या लोकांनी, नॅक्सोसच्याच दगडात घडवून अर्पण केले. बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनास गावाजवळच्या जुन्या खाणीत दहा मीटरहून लांब, दाढीवाला पुतळा अर्धवट कोरलेल्या अवस्थेत आडवा पडून आहे. दाढीमुळे तो डायोनिसस या मद्याच्या देवाचा असावा असं मानतात. एवढा दगड खडकातून सोडवायचा, उताराने समुद्राकडे न्यायचा, हा केवढा हिय्या! मला तो संग्रहालयांतल्या पुऱ्या झालेल्या मूर्तींपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण छिन्नीचे घाव अजून दिसतात. तिथला रस्ता लांब आणि वळणांचा आहे. आईंना गाडी लागत असेल तर मेलानेसजवळ फ्लेरिओला जा. तिथेही असाच एक तुटक्या पायाचा पुतळा आहे आणि शहरापासून तो जवळ पडतो.

खाण्याची चिंता सोडा. नॅक्सोस हे सिक्लाडीस बेटांतलं सगळ्यात मोठं आणि शेतीचं बेट. इथले बटाटे साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत. फावा मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वरून ऑलिव्ह तेल आणि कांदा. टोमॅटोच्या रश्श्यात भाजलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे यीगांतेस, लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी म्हणजे होर्ता. भात भरलेले टोमॅटो, म्हणजे येमिस्ता, मिळाले तर आत खिमा नाही ना, हे विचारा. ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स उपवासाला चालणारं, मांस-अंडी-दूध नसलेलं जेवण म्हणजे निस्तीसिमो. मात्र त्यात कधी कालवं किंवा माकुळ असतं, तेवढं वेगळं सांगा. ग्राविएरा चीज चवीला फार छान, पण अशा चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरलेला वासरा-करडांच्या पोटातला पदार्थ असतो. घरात तो चालत नसेल तर आधीच माहीत असू द्या.

हाल्की गावात 1896पासून चालत आलेली महाळुंगाच्या पानांच्या मद्याची भट्टी आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच हे फळ. तुम्ही पीत नसलात तरी गाव बघण्यासारखं आहे. संग्रीजवळचं डिमीटरचं मंदिरही सोडू नका. धान्याच्या देवीचं देऊळ आजही शेतांच्या मधोमध उभं आहे.

मुलांना पाण्यात खेळायला आगिओस योर्गिओसचा किनारा बरा. शहरातून चालत जाता येतं आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे. मिक्री विग्लाला वारा फार. ती जागा शिडाच्या फळ्यांवर स्वार होणाऱ्यांची.

आणि सँटोरिनी? हवंच असेल तर नॅक्सोसहून सकाळच्या बोटीने एक दिवस जाऊन या. तिथल्या इया गावातल्या सूर्यास्ताच्या गर्दीत आईवडिलांना तासन् तास उभं करण्यापेक्षा तो वेळ आक्रोतिरीला द्या. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं ते शहर छपराखाली आहे, उन्हाचा त्रास होत नाही, आणि दोन-तीन मजली घरं मुलांनाही कळतात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर निघण्यापूर्वी इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. कोणत्या महिन्यात जाताय ते कळवा. सप्टेंबर असेल तर किनाऱ्याजवळ राहा, समुद्र अजून उबदार असतो. एप्रिल असेल तर शहरातच खोली घ्या, कारण किनाऱ्यावरची बरीच दुकानं आणि खानावळी तोवर उघडलेल्या नसतात.