मीटरला ओझं कळत नाही

पिकअप घ्यायचा विचार कुणी बोलून दाखवला की एक मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचतोच. मजकूर साधारण असा: नवी पिकअप शोरूमच्या दारातून बाहेर पडताच मोठी किंमत गमावते. दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी नव्यासारखीच असते, फक्त किलोमीटर कमी झालेली बघून घ्या. जुन्या गाड्या आताच्यांपेक्षा दणकट. आणि दुरुस्तीला कितीही खर्च आला तरी तो नव्या गाडीच्या हप्त्याहून कमीच. म्हणून नवी घेणं म्हणजे पैसे जाळणं.

या हिशेबावर विसंबून मी एकदा गाडी घेतली होती. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी घसारा, कारण त्यात तथ्य आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत किंमत सगळ्यात वेगानं उतरते हे खरं. पण तो तोटा अंगावर येतो गाडी विकली तर. जो बारा वर्षं गाडी ठेवणार आहे त्यानं वर्षाला किती पडली ते पाहायचं. समजा नवी १०० ला मिळते आणि बारा वर्षं चालते, तर वर्षाला ८.३ पडले. तीच गाडी तीन वर्षं वापरून ७५ ला मिळाली तर उरलेल्या नऊ वर्षांसाठीही वर्षाला ८.३ च. ६० ला मिळाली तर ६.७, म्हणजे जुनी खरोखर स्वस्त. ८५ मागत असतील तर ९.४, म्हणजे जुनी महाग. मागणी असलेल्या पिकअपचे भाव सावकाश उतरतात, आणि जुन्या वाहनाच्या कर्जाला व्याज सहसा जास्त असतं. बाजार कधी उलटाही फिरतो. जून २०२१ पर्यंतच्या एका वर्षात अमेरिकेत वापरलेल्या गाड्यांचे भाव सुमारे ४५ टक्क्यांनी चढले, कारण इलेक्ट्रॉनिक चिपांच्या तुटवड्यानं नव्या गाड्यांचं उत्पादन अडलं होतं. तेव्हा ‘जुनी म्हणजे स्वस्त’ हे डोळे मिटून धरणाऱ्यांचं नुकसान झालं.

आता किलोमीटरचा मुद्दा. माझा खरा राग यावर आहे. साध्या मोटारीला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, कारण ती माणसं नेते. पिकअप माल नेते, ट्रेलर ओढते, कधी कामाच्या जागी इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभी असते. त्या उभ्या तासांत इंजिन झिजतं, ऑइल जुनं होतं, आणि मीटर तिथेच राहतो. रिकाम्या हौद्यानं सरळ रस्त्यावर झालेले किलोमीटर आणि क्षमतेबाहेर माल भरून घाट चढताना झालेले किलोमीटर मीटरवर सारखेच दिसतात. माझ्या गाडीचा मीटर कमी होता, रंग चकचकीत होता, हौद्यात नवं कोरं लायनर, म्हणजे तळ झाकणारं आवरण, बसवलेलं होतं. आठ महिन्यांत गिअरबॉक्स गेला. लायनर उचललं तेव्हा खालचा पत्रा जागोजागी चेपलेला आणि कडेला गंजून भोकं पडलेली. विकणाऱ्यानं ‘घरच्याच वापराची’ म्हणून सांगितली होती.

मीटरचा आकडा तरी खरा असतो का? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे की तिथे दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या आकड्यानं विकल्या जातात. मीटर डिजिटल झाला म्हणून फेरफार थांबलेले नाहीत.

ओझ्याच्या खुणा गाडीखाली सापडतात. मागचे कमानपाटे सपाट झालेत का, मध्ये जादा पाटा घातलाय का, ते बघा. केबिन आणि हौदा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकलेली असू शकते. ट्रेलरचा हुक घासलेला असेल, तर गाडीनं काय ओढलं आणि किती वर्षं, हे सरळ विचारा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल काळं आणि करपल्या वासाचं असेल तर तो तापलेला आहे. डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, ऑइलमध्ये धातूचा चुरा दिसला तर किंमत ऐकायचीसुद्धा गरज नाही.

‘जुन्या गाड्या दणकट’ म्हणणाऱ्यांना जाड पत्रा आठवतो. पण बहुतेक पिकअपचं बळ असतं शिडीसारख्या चासीत, आणि ती पोकळ पट्ट्यांच्या आतून गंजते, बाहेरून दिसत नाही. टोयोटासारख्या, टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीनं २०१६ साली अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया यांच्या सुमारे १५ लाख गाड्यांच्या गंजक्या चासींबद्दल तडजोड केली. तिची कमाल रक्कम सुमारे ३.४ अब्ज डॉलर होती. जानेवारी २०१८ मध्ये फोर्डनं २००६ च्या रेंजर पिकअपच्या सुमारे २,९०० मालकांना गाडी तत्काळ चालवणं थांबवायला सांगितलं, कारण ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे त्या मॉडेलमध्ये दुसरा मृत्यू झाला होता. अशा गाड्या हातोहात विकल्या जातात आणि परत बोलावल्याची सूचना कधीकधी जुन्याच मालकाकडे जाते. चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासायला काही मिनिटं लागतात.

शिवाय हौदा रिकामा असला की पिकअपची मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर मागचा भाग सरकतो. तो सावरणारी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा, म्हणजे ईएससी, अमेरिकेत हलक्या वाहनांना २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच पिकअपमध्ये ती नाही. ज्याला तरुण मुलाच्या हाती गाडी द्यायची आहे त्यानं एवढ्याचसाठी जुनं मॉडेल सोडावं असं मला मनापासून वाटतं.

नव्या डिझेल गाड्यांतली डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारी जाळी, नाजूक आहे ही तक्रार रास्त आहे. सतत जवळच्या फेऱ्या मारल्या तर ती तुंबते, कारण साचलेली काजळी जळायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. पण ही जाळी गेल्या कित्येक वर्षांच्या वापरलेल्या गाड्यांतही आहेच, आणि तिथे ती आधीच अर्धी भरलेली मिळते.

राहिला हप्त्याचा मुद्दा. हप्ता ठरलेला असतो, दुरुस्ती सांगून येत नाही. पिकअपवर ज्याचं पोट चालतं त्याच्या हिशेबात गॅरेजचं बिल निम्मंच. गाडी उभी राहिली ते दिवस, हातचं गेलेलं काम आणि भाड्यानं आणलेली दुसरी गाडी हे बाकीचं निम्मं. महिन्यातून दोनदा बागेची माती वाहणाऱ्याला हे लागू नाही, त्यानं खुशाल जुनी घ्यावी.

मी आज वापरतो ती पिकअपही जुनीच आहे. मालक एकच होता, पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिलं फाईलमध्ये लावलेली होती, आणि कुठली दोन वर्षं तिनं ट्रेलर ओढला ते त्यानं न विचारता सांगितलं. माझ्या मेकॅनिकनं ती लिफ्टवर चढवून तासभर खालून ठोकून पाहिली. त्याआधीच्या आठवड्यात पाहिलेल्या गाडीचा मालक ‘लिफ्टवर कशाला, चालवून बघा ना’ म्हणत राहिला. तिचा मीटर हिच्या निम्माच होता.